लग्न छायाचित्रणाचा व्यवसाय: कॅमेरा घेण्याआधीपासून अल्बम हाती देईपर्यंत

लग्नाच्या छायाचित्रणात उतरणारे बहुतेक तरुण एकाच क्रमाने चालतात. आधी हप्त्यांवर कॅमेरा घेतला जातो, मग इन्स्टाग्रामवर पान उघडले जाते, मग नात्यातल्या किंवा ओळखीतल्या लग्नाची पडत्या भावातली ऑर्डर स्वीकारली जाते. विधींचा क्रम, खर्चाचा हिशेब आणि लेखी करार यांच्याकडे लक्ष जाते ते एखादा विधी हुकल्यावर किंवा शेवटची रक्कम अडकल्यावर. या व्यवसायातून बाहेर पडणाऱ्यांची छायाचित्रे वाईट असतात असे नाही. त्यांच्या कामाची मांडणी उलटी असते. पुढील टप्पे महाराष्ट्रात काम करणाऱ्या, छायाचित्रणाची प्राथमिक ओळख असलेल्या व्यक्तीला गृहीत धरून लिहिले आहेत आणि ते दिलेल्या क्रमानेच पार पाडावेत.

## टप्पा १: पंचांग आणि घरचे वेळापत्रक शेजारी ठेवा

हा व्यवसाय वर्षभर सारखा चालत नाही. तुळशीच्या लग्नापासून लग्नसराई सुरू होते, पौषात ती मंदावते, माघापासून ज्येष्ठापर्यंत जोर धरते आणि आषाढी एकादशीनंतर चातुर्मासात जवळजवळ थांबते. अलीकडे काही पंचांगांत चातुर्मासातही गौणकालातील मुहूर्त दिलेले असतात, परंतु त्यांवर वर्षाचे उत्पन्न उभे करता येत नाही. गुरू किंवा शुक्राचा अस्त ज्या वर्षी ऐन हंगामात येतो, त्या वर्षी मुहूर्त आणखी थोड्या तारखांवर दाटतात. त्यामुळे एका दिवशी चार जणांकडून विचारणा होते आणि पुढचे दहा दिवस फोन वाजत नाही.

याचा अर्थ असा की तुमच्याकडे विकण्यासाठी मोजक्याच तारखा असतात आणि प्रत्येक तारीख एकदाच विकता येते. म्हणून दाते पंचांग किंवा तुमच्या भागात चालणारे अन्य पंचांग घेऊन वर्षभराचे विवाहमुहूर्त कॅलेंडरवर उतरवा. त्याच कॅलेंडरवर घरातील परीक्षा, सण, जवळच्या नात्यातील कार्ये आणि सक्तीच्या विश्रांतीचे दिवस आधीच खोडून ठेवा. इतरांच्या घरची कार्ये टिपताना स्वतःच्या घरच्या प्रत्येक कार्याला गैरहजर राहणे हे या क्षेत्रातील असमाधानाचे मोठे कारण आहे आणि ते नंतर दुरुस्त करता येत नाही.

तपासणी: उरलेल्या तारखा मोजा. हंगामाबाहेरच्या चार महिन्यांचा घरखर्च कशातून निघेल, याचे उत्तर लिहिता येत नसेल, तर सध्याची नोकरी सोडू नका. सुट्टीच्या दिवशींची लग्ने घेऊन सुरुवात करता येते.

## टप्पा २: एक पूर्ण हंगाम दुसऱ्याच्या हाताखाली काढा

कार्यशाळांमध्ये मॉडेलला नववारी नेसवून काढलेली छायाचित्रे देखणी असतात. मात्र तिथे गुरुजी घाई करत नाहीत, मामा वाटेत उभे राहत नाहीत आणि वीजही जात नाही. लग्नाचे काम लग्नातच शिकावे लागते. तुमच्या शहरातील ज्या दोन-तीन छायाचित्रकारांचे काम तुम्हाला आवडते, त्यांना प्रत्यक्ष भेटा आणि सहायक म्हणून एक संपूर्ण हंगाम काम मागा.

सुरुवातीला लाइट धरण्याचे, बॅग सांभाळण्याचे आणि नातेवाइकांना मंचावर क्रमाने बोलावण्याचे काम मिळेल. या शेवटच्या कामाला कमी लेखू नका. कोणत्या घरात कोणाला आधी बोलावायचे, रुसलेल्या आत्याबाईंना कसे आणायचे आणि रांग न मोडता अडीचशे लोकांना पाऊण तासात मंचावरून कसे उतरवायचे, हे ज्याला जमते त्याची लग्ने वेळेत संपतात.

एकाच्याच हाताखाली राहण्याऐवजी, शक्य असल्यास, ट्रॅडिशनल (विधी आणि मंचावरची उभी कुटुंबचित्रे) काम करणारा एक आणि कॅंडिड (नकळत टिपलेले सहज क्षण) काम करणारा एक असे दोघे निवडा. कॅंडिडवाले ट्रॅडिशनल कामाला नाके मुरडतात, हे खरे. परंतु मंचावरील कुटुंबचित्रे नीट काढता न येणाऱ्या छायाचित्रकाराला घरातील ज्येष्ठ पुन्हा बोलावत नाहीत आणि बऱ्याच घरांत पैसे त्यांच्याच हातून मिळतात.

इशारा: सहायक म्हणून काढलेली छायाचित्रे मुख्य छायाचित्रकाराच्या परवानगीशिवाय स्वतःच्या नावाने दाखवू नका. कोणती, किती आणि कधी दाखवता येतील हे कामाच्या आधीच विचारून घ्या. या क्षेत्रात पहिल्या ऑर्डरी बहुतेक वेळा अशाच ज्येष्ठांकडून वळवल्या जातात. तो विश्वास मोडला की ती वाट बंद होते.

## टप्पा ३: विधींचा क्रम छायाचित्रकाराच्या नजरेने पाठ करा

पाहुण्याला विधी माहीत असणे आणि छायाचित्रकाराला माहीत असणे यांत फरक आहे. छायाचित्रकाराला प्रत्येक विधीबाबत चार गोष्टी ठाऊक असाव्या लागतात: तो कुठे होतो, त्याची चाहूल कशाने लागते, तो किती वेळ टिकतो आणि त्याच वेळी दुसरीकडे काय चालू असते. वही घेऊन या चार रकान्यांत साखरपुड्यापासून गृहप्रवेशापर्यंतचे विधी लिहून काढा आणि एखाद्या गुरुजींकडून तपासून घ्या. घराण्यागणिक आणि जिल्ह्यागणिक क्रम बदलतो, म्हणून प्रत्येक ऑर्डरआधी ही वही पुन्हा उघडावी लागते.

जिथे सर्वाधिक चुका होतात, त्या जागा पुढीलप्रमाणे आहेत.

हळद. पिवळा मांडव, पिवळी साडी आणि अंगाला हळद असताना कॅमेऱ्याचे स्वयंचलित व्हाइट बॅलन्स (उजेडानुसार रंग जुळवण्याची सोय) गोंधळते. पिवळेपणा काढण्याच्या नादात ते त्वचा निळसर करते. उजेड पाहून व्हाइट बॅलन्स हाताने ठरवा आणि तो टिकवा. लेन्सवर साधा संरक्षक फिल्टर लावा आणि हळद चालू असताना उघड्यावर लेन्स बदलू नका. वराची उष्टी हळद वधूकडे नेण्याची पद्धत जिथे आहे, तिथे दोन घरांतील अंतर आणि वेळ आधी विचारून घ्या.

गौरीहर. नवरी गौरीहरापाशी बसलेली असते, तेव्हाच नवरदेवाकडील मंडळी मंडपात येत असतात. एकट्या छायाचित्रकाराला दोन्ही मिळत नाहीत. गौरीहराची खोली बहुधा लहान आणि ट्यूबलाइटच्या उजेडातली असते. तरीही तिथला एकटेपणा पुढच्या गर्दीत पुन्हा कुठे सापडत नाही, त्यामुळे दुसरा हात नसेल तर गौरीहराला प्राधान्य द्यावे, असे माझे मत आहे. मामा नवरीला मंडपात आणतो, तेव्हा त्याच्या पुढे चालत मागे सरकावे लागते, म्हणून वाटेतल्या पायऱ्या आणि वायरी आधी पाहून ठेवा.

अंतरपाट. मराठी लग्नातील सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत जास्त हुकणारा क्षण हाच आहे. अंतरपाटाच्या रेषेत उभे राहिल्यास दोन्ही चेहरे दिसतील असे वाटते, पण त्या रेषेच्या दोन्ही टोकांना तो धरणारी माणसे उभी असतात. म्हणून मुख्य छायाचित्रकाराने रेषेपासून थोडे तिरके उभे राहावे आणि दुसऱ्याने नवरदेवाच्या खांद्यामागून नवरीचा चेहरा धरावा. मंगलाष्टकांची संख्या सांगून ठरत नाही, कारण हौशी नातेवाईक ऐनवेळी स्वतः रचलेली अष्टके घेऊन उभे राहतात. खूण धरायची ती ‘तदेव लग्नं’ची. तो श्लोक सुरू झाला की बोट बटणावर असले पाहिजे. पाठोपाठ अक्षतांचा शेवटचा मोठा वर्षाव होतो, वाजंत्री वाढते आणि मोबाइल धरलेले हात एकदम वर येतात. एक लहान स्टूल सोबत ठेवल्यास त्या हातांच्या वरून दिसते.

कानपिळी, लाजाहोम आणि सप्तपदी. नवरीचा भाऊ नवरदेवाचा कान पिळतो तो क्षण दोन-तीन सेकंदांचा असतो. गुरुजींना आधी सांगून ठेवले तर ते भावाला हाक मारण्यापूर्वी तुमच्याकडे पाहतात. होमाच्या धुरात ऑटोफोकस चाचपडतो आणि समोरून मारलेल्या फ्लॅशने धूरच उजळतो, म्हणून वारा येतो त्या बाजूला उभे राहा आणि फ्लॅश बाजूने द्या. सप्तपदीत तांदळाच्या राशींवर पडणारे पाऊल टिपण्यासाठी जमिनीलगत बसावे लागते. पुरोहितांच्या पळी-पंचपात्राला पाय लागणार नाही अशी जागा निवडा.

मराठी भाषकांची सर्व लग्ने या एकाच पद्धतीने होत नाहीत, हेही ध्यानात ठेवावे. बौद्ध पद्धतीच्या विवाहात त्रिशरण-पंचशील असते, अंतरपाट नसतो आणि पांढऱ्या पोशाखामुळे कॅमेऱ्याचे मोजमाप चित्र काळवंडून टाकते. तिथे एक्स्पोजर, म्हणजे चित्राचा उजळपणा, थोडे वाढवावे लागते. वसईतील किंवा गोव्यातील चर्चमध्ये फ्लॅश चालेल का आणि वेदीच्या किती जवळ जाता येईल, हे धर्मगुरूंना आदल्या दिवशी विचारावे. निकाहच्या वेळी स्त्रियांच्या बाजूला स्त्री छायाचित्रकारच हवी, अशी अट असू शकते. विशेष विवाह कायद्याखालील नोंदणी विवाहात तीन साक्षीदारांच्या सह्या होतात आणि सगळा सोहळा विवाह अधिकाऱ्यांच्या दालनात थोडक्यात आटोपतो. तिथे आत येण्याची परवानगी आधी मिळवणे हेच अर्धे काम असते.

तपासणी: वही मिटून अंतरपाट दूर होण्याच्या आधीची आणि नंतरची दहा मिनिटे क्रमाने सांगता आली, तरच पुढच्या टप्प्याकडे जा.

## टप्पा ४: साहित्य विकत घ्या, पण या क्रमाने

लग्नासाठी कॅमेऱ्याची एकच अट मी सोडू देणार नाही: त्याला कार्डाचे दोन खण असावेत आणि प्रत्येक छायाचित्र दोन्ही कार्डांवर एकाच वेळी उतरावे. कार्ड बिघडते तेव्हा सूचना देऊन बिघडत नाही आणि कन्यादान पुन्हा करून घेता येत नाही. त्यानंतर २४-७० मिमी, एफ २.८ ही लेन्स, मग एक फ्लॅश आणि त्याचा ट्रिगर, मग ८५ मिमीची प्राइम (झूम नसलेली) लेन्स आणि शक्य झाल्यावर ७०-२०० मिमी. दुसरा कॅमेरा विकत घेण्याची घाई करू नका. मोठ्या शहरांत तो दिवसाच्या भाड्याने मिळतो. परंतु दुसऱ्या कॅमेऱ्याशिवाय लग्नाला जाऊ नका, मग तो भाड्याचा असो.

बॅटऱ्या, कार्डे आणि फ्लॅशचे सेल यांवर हात आखडू नये. साहित्याचा विमा उतरवताना वाहनातून झालेली चोरी त्यात धरली आहे का, हे वाचून घ्या, कारण साहित्य पुष्कळदा तिथूनच जाते.

मंगल कार्यालयातील उजेडाचा सराव वेगळा करावा लागतो. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची असल्याने अनेक दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. १/१०० सेकंदापेक्षा जलद शटरवर चित्रात काळे-पिवळे पट्टे उमटू शकतात. कॅमेऱ्यात फ्लिकर टाळण्याची सोय असल्यास ती चालू ठेवा, नसल्यास शटर १/१०० वर ठेवून हालचाल फ्लॅशने थोपवा. मंचामागच्या एलईडी भिंतीची लुकलुक मात्र आणखी वेगळी असते. तिच्यासमोर, पाहुणे येण्याआधी, वेगवेगळ्या शटरवर चार चित्रे काढून पडद्यावर मोठी करून पाहणे हाच उपाय आहे. अशा ठिकाणी इलेक्ट्रॉनिक शटर टाळावे.

इशारा: नव्या कॅमेऱ्याचा पहिला दिवस लग्नाचा नसावा.

## टप्पा ५: भाव सांगण्यापूर्वी हिशेब मांडा

‘बाजारात काय चालते’ हे विचारून भाव ठरवणे ही सर्वांत महाग पडणारी चूक आहे. पुढील आकडे केवळ उदाहरणासाठी आहेत. त्यांच्या जागी स्वतःचे घाला.

समजा, हळद आणि लग्न अशा दोन दिवसांची ऑर्डर ७०,००० रुपयांना घेतली. दुसऱ्या छायाचित्रकाराचे १०,०००, व्हिडिओवाल्याचे १२,०००, करिझ्मा (जाड पानांवर छापलेल्या) अल्बमच्या छपाई-बांधणीचे ९,०००, व्हिडिओ एडिटिंगचे ८,०००, प्रवास-मुक्कामाचे ४,००० आणि हार्ड डिस्कचा वाटा २,००० असे ४५,००० बाहेर जातात. हातात २५,००० राहतात. साहित्य ४,००,००० रुपयांचे असेल आणि ते चार वर्षांनी बदलावे लागणार असेल, तर वर्षाला १,००,००० बाजूला काढले पाहिजेत. वर्षाला २० लग्ने धरल्यास प्रत्येक लग्नामागे ५,०००. उरले २०,०००. या ऑर्डरसाठी भेटीचा एक, चित्रणाचे दोन आणि निवड, एडिटिंग व अल्बम यांचे सहा, असे नऊ दिवस गेले. म्हणजे दिवसाला साधारण २,२०० रुपये आणि वर्षाअखेर ४,००,०००, तेही कर, जागेचे भाडे आणि आजारपण धरण्याआधी.

हा हिशेब समोर आला की दोन गोष्टी स्पष्ट होतात. ‘अल्बम फुकट देतो’ किंवा ‘प्री-वेडिंग त्यातच करून देतो’ असे बैठकीत सहज निघून जाणारे वाक्य तुमच्या मजुरीतून वजा होत असते. आणि चित्रणाच्या दोन दिवसांपेक्षा नंतरचे सहा दिवस कमी करणे अधिक फायद्याचे असते.

मित्राच्या किंवा नात्यातल्या लग्नात एक तर पूर्ण भाव घ्या, नाही तर ते काम आहेर म्हणून करा आणि तसे आधी स्पष्ट सांगा. अर्ध्या भावातल्या कामात यजमानाची अपेक्षा पूर्ण असते आणि छायाचित्रकाराचा उत्साह अर्धा, असे पुष्कळदा घडते.

## टप्पा ६: नमुना म्हणून वीस उत्तम चित्रे नव्हे, एक पूर्ण लग्न दाखवा

निरनिराळ्या लग्नांतली वीस निवडक चित्रे कोणालाही जमवता येतात. एका लग्नाची सकाळपासून पाठवणीपर्यंतची शंभर-दीडशे चित्रे, त्यांत मंचावरची कुटुंबचित्रे आणि पंगतीचीही, दाखवली की समोरच्याला तुमच्या कामाचा खरा अंदाज येतो. पहिली दोन-तीन लग्ने लहान घ्या: एक दिवसाची, शंभर-दोनशे माणसांची, एकाच जागी होणारी.

ऑर्डरी जाहिरातीपेक्षा ओळखीतून येतात. मंगल कार्यालयाचे व्यवस्थापक, मेकअप करणाऱ्या ताई, मेंदीवाल्या, केटरर आणि गुरुजी यांना त्यांच्या कामाची पाच-दहा चांगली चित्रे, यजमानांना विचारून, आठवड्याभरात पाठवा. काही जण ऑर्डरमागे कट मागतील. तो द्यायचा की नाही हा तुमचा निर्णय आहे. द्यायचा ठरवल्यास मागच्या टप्प्यातील हिशेबात तो खर्च म्हणून लिहा.

## टप्पा ७: भेट, प्रश्नावली आणि लेखी करार

बैठकीला एकट्या नवरीशी किंवा एकट्या वडिलांशी बोलून उठू नका. नवरा-नवरीला कॅंडिड हवे असते, आईवडिलांना प्रत्येक नातेवाइकाचे मंचावरचे चित्र हवे असते आणि हा मतभेद तुमच्या समोर सुटला नाही, तर लग्नाच्या दिवशी तुमच्या अंगावर येतो. ऑर्डर कोणत्या पक्षाची आहे, दुसऱ्या पक्षाने वेगळा छायाचित्रकार लावला आहे का, असल्यास त्याचा संपर्क, मुहूर्ताची नेमकी वेळ, कुलाचाराप्रमाणे होणारे खास विधी आणि ज्यांची चित्रे राहता कामा नयेत अशा दहा माणसांची यादी, हे सगळे लिहून घ्या. घरात कोणी दिवंगत असल्यामुळे किंवा विभक्त असल्यामुळे कोणाला एकत्र उभे करायचे नाही, हेही हळुवारपणे विचारावे.

करार मराठीत, दोन पानांत आणि दोघांच्या सह्यांनिशी असावा. त्यात पुढील बाबी राहू नयेत:

१. तारखा, ठिकाणे, कामाचे तास आणि जादा तासांचा दर.
२. कोण येणार, किती जण येणार आणि त्यांच्या जेवणाची व मुक्कामाची सोय.
३. पैशांचे टप्पे. ठरल्यावर ३० टक्के, पहिल्या कार्यक्रमाच्या दिवशी ५० टक्के आणि अल्बम देताना २० टक्के ही विभागणी सोयीची पडते. अल्बमवर अर्धी रक्कम अडकू देऊ नये.
४. सुतक, आजारपण किंवा अन्य कारणाने तारीख पुढे गेल्यास आगाऊ रकमेचे काय. नवी तारीख मोकळी असल्यास ती रक्कम तिकडे वळती करणे हा दोघांनाही पटणारा मार्ग आहे.
५. छायाचित्रकारच आजारी पडल्यास पर्यायी माणूस कोण पाठवणार.
६. किती छायाचित्रे, किती शीटचा अल्बम, किती दुरुस्त्या आणि किती दिवसांत.
७. मूळ फाइली देणार का आणि त्या किती महिने जपून ठेवणार.
८. चित्रे जाहिरातीत वापरण्याची परवानगी.

शेवटच्या बाबीवर बहुतेक छायाचित्रकारांचा समज चुकीचा असतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातील कलम १७ नुसार, मोबदला घेऊन दुसऱ्याच्या सांगण्यावरून काढलेल्या छायाचित्राचा प्रथम मालक, उलट करार नसल्यास, काम सांगणारी व्यक्ती असते. म्हणजे करारात काही लिहिले नसेल, तर तुम्ही काढलेल्या लग्नाच्या चित्रांवर पहिला हक्क यजमानांचा आहे. चित्रे स्वतःच्या पानावर टाकायची असतील, तर तशी लेखी संमती घ्या आणि लहान मुलांच्या चित्रांबाबत वेगळे विचारा.

तपासणी: आगाऊ रक्कम खात्यात आणि सही कागदावर येईपर्यंत कॅलेंडरवर तारीख पेन्सिलीनेच लिहा. ‘आपलं ठरलंय’ या फोनवरच्या शब्दावर दुसरी ऑर्डर नाकारू नका.

## टप्पा ८: लग्नाचा दिवस

आदल्या रात्री बॅटऱ्या चार्ज करून, कार्डे रिकामी करून आणि दोन्ही कॅमेऱ्यांची घड्याळे सेकंदापर्यंत जुळवून ठेवा. घड्याळे जुळलेली नसतील, तर दोन छायाचित्रकारांची हजारो चित्रे क्रमाने लावताना दोन दिवस वाया जातात.

कार्यालयात मुहूर्ताच्या किमान अडीच-तीन तास आधी पोहोचा. पहिल्या पंधरा मिनिटांत तीन माणसांना भेटा: गुरुजी, दुसऱ्या पक्षाचा छायाचित्रकार आणि मंचाचा लाइटवाला. गुरुजींना नमस्कार करून महत्त्वाच्या क्षणी अर्धा मिनिट थांबाल का, असे विचारले तर बहुतेक जण मान्य करतात. विधी चालू असताना ‘गुरुजी, परत एकदा’ असे ओरडल्यास कोणीच मान्य करत नाही आणि ते शोभतही नाही. दुसऱ्या छायाचित्रकाराशी अंतरपाटाच्या वेळच्या जागा वाटून घ्या. लाइटवाल्याला विधींच्या वेळी फिरते रंगीत दिवे बंद ठेवायला सांगा, कारण चेहऱ्यावर पडलेला जांभळा रंग एडिटिंगमध्ये नीट निघत नाही.

दागिने, शालू आणि रुखवत यांची चित्रे गर्दी होण्याआधी उरका. कुटुंबचित्रांची यादी घेऊन घरातील एका खणखणीत आवाजाच्या व्यक्तीला बोलावण्याच्या कामाला लावा. अक्षता पडल्यावर पाहुणे पंगतीकडे वळतात, तेव्हा जवळच्या नातेवाइकांना मंचाजवळ थांबवून ठेवणे तिलाच जमते.

पाणी पिणे आणि वेळेवर दोन घास खाणे हेही वेळापत्रकात लिहा. डीजेजवळ तासन्‌तास उभे राहायचे असल्यास कानात बोळे घाला. वरात मध्यरात्री संपल्यावर स्वतः गाडी चालवत दुसऱ्या गावी निघू नका. मुक्कामाची सोय करारात लिहिलेली असते ती याचसाठी.

## टप्पा ९: घरी परतल्यावर पहिली रात्र आणि पुढचे सहा आठवडे

दोन दिवसांत ४,००० चित्रे काढली आणि प्रत्येक रॉ फाइल (कॅमेऱ्यातील मूळ, प्रक्रिया न केलेली फाइल) सरासरी ३० एमबीची असली, तर १२० जीबी माहिती जमते. झोपण्यापूर्वी ती दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर उतरवा आणि त्यांतली एक दुसऱ्या घरात किंवा कार्यालयात ठेवा. दोन्ही प्रती एकाच बॅगेत असतील, तर ती एकच प्रत समजावी.

इशारा: दोन्ही प्रती उघडून तपासल्याशिवाय कार्डे पुसू नका. पुढच्या लग्नाला कार्ड कमी पडत असेल, तर नवे कार्ड घ्या.

त्यानंतरचा क्रम असा ठेवा. दोन-तीन दिवसांत वीस-पंचवीस चित्रे पाठवा. यामुळे घरातील अधीरता शमते आणि तुम्हाला पुढचे काम शांतपणे करता येते. मग निवड. सगळी ४,००० चित्रे यजमानांकडे सोपवून ‘अल्बमसाठी निवडून द्या’ म्हणणे ही सर्वत्र आढळणारी चूक आहे. ते काम वर्षभर रेंगाळते आणि तुमची शेवटची रक्कमही त्याबरोबर रेंगाळते. तुम्ही स्वतः ५००-६०० चित्रांपर्यंत छाटणी करा, त्यांतून अल्बमसाठी १५०-१७५ निवडा आणि यजमानांना फक्त बदल सुचवायला पंधरा दिवसांची मुदत द्या. छपाईला देण्यापूर्वी नावांचे शुद्धलेखन आणि तारीख घरातील दोन व्यक्तींकडून लेखी मान्य करून घ्या.

व्हिडिओवर लोकप्रिय चित्रपटगीत लावण्याचा आग्रह होईल. लग्नसमारंभात गाणे वाजवण्याला कायद्यात सूट आहे. ते गाणे तुमच्या व्हिडिओला जोडून यूट्यूबवर टाकणे त्या सुटीत बसत नाही आणि व्हिडिओचा आवाज बंद केला जाऊ शकतो. जाहीर करायच्या प्रतीसाठी परवाना घेतलेले संगीतच वापरा.

## टप्पा १०: नोंदणी, कर आणि परवानग्या

उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) संकेतस्थळावर विनाशुल्क होते. त्यासाठी मध्यस्थाला पैसे देण्याचे कारण नाही. दुकाने व आस्थापना कायदा, २०१७ नुसार २०२५ मधील दुरुस्तीनंतर महाराष्ट्रात वीसपेक्षा कमी कामगार असलेल्या आस्थापनेला केवळ ऑनलाइन सूचना द्यावी लागते. या दोन कागदांवर बँकेत चालू खाते उघडता येते. वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांच्या पुढे गेल्यावर जीएसटी नोंदणी बंधनकारक होते. इथे नफा मोजत नाहीत, एकूण बिले मोजतात. दुसऱ्या छायाचित्रकाराला दिलेले पैसेही त्या उलाढालीत येतात, हे पुष्कळांना उशिरा कळते.

ड्रोनबाबत हलगर्जीपणा नको. ड्रोन नियम, २०२१ नुसार ड्रोनची सरकारी ऑनलाइन प्रणालीवर नोंदणी लागते आणि २५० ग्रॅमपर्यंतचा नॅनो ड्रोन वगळता व्यावसायिक उड्डाणासाठी रिमोट पायलट प्रमाणपत्र लागते. विमानतळाजवळच्या कार्यालयासाठी सरकारच्या ड्रोन नकाशातील क्षेत्र हिरवे, पिवळे की लाल आहे ते तपासा आणि मुंबईत पोलिसांचे मनाई आदेश लागू आहेत का ते पाहा. प्री-वेडिंगसाठी रायगड किंवा शनिवारवाडा यांसारख्या केंद्रीय पुरातत्त्व खात्याकडील वास्तू मनात असतील, तर व्यावसायिक चित्रीकरणाची परवानगी आधी मागा.

## टप्पा ११: चातुर्मासात हिशेब आणि छाटणी

हंगाम संपल्यावर केलेल्या सर्व ऑर्डरी एका कागदावर लिहा. प्रत्येकीसमोर प्रत्यक्षात किती दिवस गेले, हातात किती उरले आणि तसे लग्न पुन्हा करायला आवडेल का, हे तीन रकाने भरा. तिसऱ्या रकान्यात प्रामाणिकपणे ‘नाही’ लिहिणे कठीण असते, विशेषतः ज्या लग्नाने पैसे चांगले दिले त्यासमोर. तरीही हा रकानाच पुढच्या वर्षीची दिशा ठरवतो. काहींना तीन दिवसांचे मोठे सोहळे मानवतात, काहींना घरच्या अंगणातले शंभर माणसांचे लग्न, तर काहींना फक्त नोंदणी विवाह आणि त्यानंतरचे जेवण. यांपैकी कोणतेही काम हलके नाही, परंतु तिन्ही एकाच वेळी नीट करणारा छायाचित्रकार क्वचितच भेटतो.

ज्या प्रकारच्या ऑर्डरींनी दिवस जास्त खाल्ले, त्यांचा भाव वाढवा किंवा त्या सोडा. एडिटिंग बाहेर देण्यासारखे असेल, तर आधी एका जुन्या लग्नाची ५० चित्रे देऊन रंगसंगती जुळते का ते पाहा. अडकलेले अल्बम याच काळात पूर्ण करा. दोन हंगामांपूर्वीचा अल्बम बाकी असताना नवी ऑर्डर घेऊ नये. नवे दरपत्रक दसऱ्याआधी तयार ठेवा, कारण तुळशीच्या लग्नानंतरच्या तारखांची चौकशी त्याआधीच सुरू झालेली असते. आधी स्वीकारलेल्या ऑर्डरी जुन्याच दराने पूर्ण करा आणि दरपत्रकावर ते कोणत्या तारखेपासून लागू आहे, हे स्पष्ट लिहा.